पासपोर्टवर व्ही, वहीत एफ: कायर्नार्वन या नावाचा अर्थ काय?

खळ्यातली पोफळ

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण जरा लांबून येणार आहे. सांभाळून घ्या.

हर्णैला बंदराच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे. दोन खोल्या पाहुण्यांना देतो, जेवण घरचंच. ओटीवर बसलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. गेल्या आठवड्यात वेल्सचं एक म्हातारं जोडपं उतरलं होतं. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत सरकारकडे त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, तिला आम्ही सी फॉर्म म्हणतो. ते काम माझं, कारण ह्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं की नेमका चष्मा सापडत नाही.

तर आजोबांनी आमच्या वहीत गावाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: सी-ए-ई-आर-एन-ए-आर-एफ-ओ-एन. मी पासपोर्ट उघडला तर जन्मस्थळ तेच, पण एफच्या जागी व्ही! माझ्या पोटात गोळा. मागे एका पाहुण्याच्या नावात एक अक्षर चुकलं तर मला दापोलीला दोन खेपा घालाव्या लागल्या होत्या. मी विचारलं, ही दोन गावं का? ते हसले. म्हणाले, गाव एकच, माझ्या जन्माच्या वेळी तसं लिहायचे, आता असं लिहितात. मी वाचलं "केअरनारफॉन". त्यांनी दुरुस्त केलं, "कायर्-नार्-वॉन", आणि 'नार'वर असा जोर दिला की आमचं मांजर उठून गेलं.

मग छातीवर बोट ठेवून म्हणाले, "कोव्ही." मी आत गेले आणि कॉफी करून आणली. बिचाऱ्यांनी प्यायली. दुसऱ्या दिवशी आजींनी सांगितलं की कोव्ही म्हणजे त्या गावच्या तटाच्या आत जन्मलेला माणूस. आपण कसं मालवणी म्हणतो तसं.

नावाचा अर्थ विचारला तर त्यांनी सुवर्णदुर्गाकडे हात केला आणि म्हणाले, हे जे तुझ्या समोर आहे ना, तसंच काहीतरी, 'बेटासमोरचा किल्ला'. पुढे सांगणार होते, तेवढ्यात लिलावाची वेळ झाली आणि दोघं मासळी बघायला बंदरावर पळाली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी.

आता मला झोप नाही. एफचा उच्चार व कसा होतो? बेट कुठलं? आणि शाळेत वाचलेला तो तुतनखामेनच्या थडग्याचा लॉर्ड कार्नार्वन, तो याच गावचा का?

बोटीवरचा बाप्पा

ताई, बेट मी पाहिलंय, म्हणून मीच आधी बोलतो. मी बाणकोटचा, बोटीवर बत्तीस वर्षं काढली. अल्युमिना घेऊन होलीहेडला जायचो, तिथे अल्युमिनियमचा कारखाना होता तेव्हा. होलीहेड ज्या बेटाला चिकटून आहे त्याचं इंग्रजी नाव अँगलसी. हे नाव उत्तरेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी ठेवलं, त्यातल्या शेवटच्या 'ई'चा अर्थच बेट. वेल्श माणूस मात्र अँगलसी म्हणत नाही. तो म्हणतो मोन. रोमन लोक मोना म्हणायचे. धान्य इतकं पिकायचं की 'मोन, वेल्सची आई' अशी म्हणच आहे त्यांच्यात.

एकदा माल उतरवायला वेळ लागणार होता, तेव्हा सुट्टी घेऊन मी बँगोरला गेलो आणि तिथून दुसऱ्या बसने तुमच्या आजोबांच्या गावी. बेट आणि जमीन यांच्यामध्ये मेनाई नावाची सामुद्रधुनी आहे. सामुद्रधुनी म्हणायची, पण आपल्या डोळ्यांना खाडीच. भरती-ओहोटीची ओढ अशी की तिथले जुने नाखवे अजून घाबरून बोलतात. किल्ला नदी जिथे या पाण्याला मिळते त्या मुखावर. आमचा बाणकोट सावित्रीच्या मुखावर, जयगड शास्त्रीच्या, अगदी तसा. बुरुजावर चढून उभा राहिलो आणि पलीकडे बघितलं तर सपाट हिरवी जमीन. वेसवीहून बागमांडला दिसतं ना, तसं. शेजारच्या बाईंना विचारलं, ते काय? म्हणाल्या, मोन. मग खाली पायाशी बोट दाखवून म्हणाल्या, आर्वन. म्हणजे 'मोनसमोरचा मुलूख'.

तर आर्वन हे त्या अख्ख्या किनाऱ्याचं नाव, आणि तुमचं गाव म्हणजे आर्वनमधला कोट. बेटासमोरचा किल्ला नव्हे, बेटासमोरच्या मुलखातला किल्ला. आजोबांनी घाईत एक पायरी गाळली.

किल्ल्याबद्दल दोन शब्द सांगतो, नाहीतर राहवणार नाही. भिंतीत फिकट आणि गडद दगडाचे पट्टे आहेत, लांबून साडीच्या काठासारखे दिसतात. बुरूज गोल नाहीत, कोनाचे आहेत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1283 मध्ये बांधायला घेतला आणि 1330 मध्ये काम थांबलं तेव्हाही आतलं बरंच अर्धवट होतं. बाहेरून राजवाडा, आत नुसती जोती. सरकारी कामं सगळीकडे सारखीच.

काना-मात्रा

ताई, बाप्पांनी बेट दाखवलं, मी अक्षर दाखवतो. मालवणला तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे खोड जात नाही.

एफचं आधी. वेल्श लिपीत व्ही हे अक्षरच नाही. 'व' लिहायचा तर एक एफ, 'फ' लिहायचा तर दोन एफ. त्यामुळे आजोबांनी लिहिलेलं वेल्श पद्धतीने अगदी शुद्ध आहे. पासपोर्टवरचं इंग्रजी कानाने लिहिलेलं. पूर्वी तर 'कार्नार्वन' असं ई शिवायच लिहीत. 1926 मध्ये नगरपालिकेने तो ई घातला, 1975 मध्ये व्हीचा एफ केला. आजोबांचा जन्म या दोन सालांच्या मधला असणार, म्हणून ई आहे आणि व्हीपण आहे. तुमच्या वहीत आणि पासपोर्टात मिळून त्या गावाचा अर्धशतकाचा कागदोपत्री इतिहास आलाय.

आता गंमत. बेट 'मोन', मग मुलूख 'आर्वन' कसा? म चा व का झाला?

तुमच्या खळ्यात आवळा वाळत असेल आत्ता. संस्कृतात तो आमलक. कोमल आपल्याकडे कोवळा झाला, श्यामल सावळा झाला, ग्रामाचं गाव, नामाचं नाव. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला म आपल्या जिभेवर सैल पडतो आणि ओठ पुरते मिटायच्या आतच व होऊन सुटतो. वेल्श जिभेचंही नेमकं हेच झालं. फरक एवढाच की आपल्याकडे ही घटना शेकडो वर्षांपूर्वी शब्दाच्या पोटात घडून थिजली, आता कोणी 'मामा'चा 'मावा' करत नाही. वेल्शमध्ये मात्र तो व्याकरणाचा जिवंत नियम आहे आणि शब्दाच्या तोंडालाच लागतो. 'आर' म्हणजे समोर, वर. त्याच्या मागून मोन आला की वोन झालाच पाहिजे. आर अधिक मोन, आर्वन. आई म्हणजे माम. 'तिची आई' म्हणताना माम राहतो, 'त्याची आई' म्हणताना वाम होतो. 'तिची' आणि 'त्याची' यांना शब्द एकच, आई कोणाची ते फक्त या म-व वरून कळतं! माझ्या सातवी ब ला हे शिकवायला मिळालं असतं तर सामान्यरूपाबद्दल कुरकुरणारी पोरं गप्प बसली असती.

मधला 'न' राहिला. 'कायर' म्हणजे कोट आणि 'इन्' म्हणजे मध्ये. कायर-इन्-आर्वन. बोलता बोलता इन् मधला स्वर गेला, नुसता न मागे राहिला. म्हणजे आपला 'मधला' हा शब्द गावाच्या नावात एका अक्षराएवढा उरला.

उगाच एक

सर, सगळं छान, पण कायर म्हणजे लॅटिनचा 'कास्त्रा' ना? रोमन छावणी. इंग्लंडात चेस्टर, मँचेस्टर झालं तेच. उगाच आवळ्यापर्यंत कशाला जायचं?

काना-मात्रा

उगाच, तुमचं नाव सार्थ आहे.

चेस्टर कास्त्रापासून, हे बरोबर. कायर मात्र नाही. तसं पुष्कळांना वाटतं, कारण बऱ्याच 'कायर' गावांत रोमन अवशेष सापडतात, आणि चेस्टर शहरालाच वेल्श लोक नुसतं 'कायर' म्हणतात. पण शब्द त्यांच्या घरचा आहे. वेल्शमध्ये 'काय' म्हणजे कुंपण घातलेलं शेत, कायर त्याच कुळातला. कुंपणाचा कोट व्हायला फार वेळ लागत नाही. आपली 'वाडी' आठवा. मुळात कुंपण, मग कुंपणातली बाग, मग बागेतली घरं, मग अख्खी सावंतवाडी.

रोमन मात्र तिथे होते, ते तुमचं खरं. इसवी सन 77 च्या सुमाराला गावामागच्या टेकाडावर त्यांनी ठाणं वसवलं, नाव सेगोन्टियम. आजची नदी सेयॉन्ट, तिचंच नाव त्यात आहे. आणि आता मुद्दा असा की कायर्नार्वनमधला 'कायर' म्हणजे बाप्पा ज्याच्या बुरुजावर चढले तो किल्ला नव्हेच! एडवर्डच्या कितीतरी आधीपासून लोक त्या जागेला या नावाने ओळखत होते. नाव पडलं ते टेकाडावरच्या रोमन ठाण्यावरून. बाप्पांचा किल्ला वेल्शमध्ये 'कास्तेल्ह'. तो शब्द मात्र लॅटिनमधून आलेला, हे तुमच्या समाधानासाठी.

म्हणजे 'कास्तेल्ह कायर्नार्वन' म्हणताना ते किल्ला दोनदा म्हणतात. आपण 'सिंधुदुर्ग किल्ला' म्हणतो तसंच, दुर्ग म्हणजे काय ते विसरून. याहून वरताण त्यांच्या दक्षिणेत आहे. कायरवर्दिन नावाचं गाव. रोमन काळी मोरिदुनम, समुद्राजवळचा कोट. 'दुनम' म्हणजेच कोट. पुढे लोक तो अर्थ विसरले, मोरिदुनमचं मर्दिन झालं आणि पुढे आणखी एक कायर जोडला. पुन्हा म चा व झालाच. मग हा मर्दिन कोण असा प्रश्न पडला, आणि लोकांनी त्या नावाचा एक जादूगार उभा केला. इंग्रजीतला मर्लिन तो हाच. नावाचा अर्थ विसरला की माणूस तयार होतो. आपल्या ग्रामदेवतांच्या कथांत असे किती निघतील याची मोजदाद नको.

बुरूजभटक्या

मी उशिरा आलो, पण या धाग्यात एक माणूस यायलाच हवा होता आणि तो अजून आला नाही.

पोफळताई, तुमच्या ओटीवरून जो सुवर्णदुर्ग दिसतो, तो 1755 च्या एप्रिलमध्ये तुळाजी आंग्र्यांकडून कोणी घेतला? पेशव्यांचं आरमार बरोबर होतं, पण तोफा डागल्या कंपनीच्या जहाजांनी, 'प्रोटेक्टर' या जहाजावरून. कंपनीच्या त्या जहाजांचा प्रमुख कमोडोर विल्यम जेम्स, आणि तो वेल्सचा! नैर्ऋत्य टोकाला पेंब्रोकशायर आहे, तिथला. तुमच्या आजोबांचं गाव पार वायव्येला, म्हणजे गाववाले नव्हेत, पण मुलूख एकच.

जेम्स 1783 मध्ये वारला. त्याच्या बायकोने दुसऱ्या वर्षी लंडनजवळ शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर त्याच्या आठवणीत तीन कोनी मनोरा बांधला. आजही उभा आहे. नाव काय? 'सेव्हर्नड्रूग कासल'. सुवर्णदुर्गाचं हे त्यांनी केलेलं रूप. सेव्हर्न ही त्यांची मोठी नदी, तीही वेल्सच्याच डोंगरात उगम पावते. माझा आपला अंदाज, त्यांच्या कानाला 'सुवर्ण' अनोळखी, 'सेव्हर्न' घरचं, म्हणून नाव तिकडे घसरलं असावं. आणि मजा अशी की नावाला पुढे 'कासल'ही लावलाय. सेव्हर्न-दुर्ग-किल्ला. काना-मात्रा सरांचा डबल किल्ला लंडनमध्येसुद्धा आहे.

कायर्नार्वन काय किंवा सुवर्णदुर्ग काय, लिहून घेणारा कारकून परका असला की असं होतं. विजयदुर्गाचं घेरिया, सुवर्णदुर्गाचं सेव्हर्नड्रूग, वसईचं बासीन, ठाण्याचं टान्ना. बाप्पांचा बाणकोट तर त्यांनी सरळ 'फोर्ट व्हिक्टोरिया' करून टाकला, निदान हिंमतगड तरी विचारायचं.

बोटीवरचा बाप्पा

आमच्याकडे एक म्हातारे 'व्हिक्टोरियावर ढोरं गेलीत' म्हणायचे. तेव्हा कळायचं नाही.

ताई, तुमच्या लॉर्डचं राहिलं. तुतनखामेनवाला लॉर्ड त्या गावचा नव्हे. ती नुसती पदवी. घराणं दक्षिण इंग्लंडात, हायक्लेअर नावाच्या वाड्यात. 1922 मध्ये थडगं सापडलं तेव्हा पदवीचं स्पेलिंग जुनं, बिन-ईचं होतं. गावाने नंतर दोनदा नाव दुरुस्त केलं, घराण्याने केलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरही एक कार्नार्वन आहे, तेही याच घराण्याच्या आधीच्या लॉर्डवरून. त्या किनाऱ्यासमोर मोन नाही, काही नाही, नुसता हिंदी महासागर, म्हणजे एका अर्थाने समोर आपणच.

एक गोष्ट मघाशी सांगायची राहिली. किल्ला झाल्यावर एडवर्डने तटाच्या आत इंग्रज वस्ती आणून बसवली, वेल्श लोकांना बाहेर ठेवलं. आणि मी गेलो तेव्हा त्याच तटाच्या आत पावाच्या दुकानात, टपालात, बसथांब्यावर शाळेची पोरं, सगळी वेल्शमध्ये बोलत होती. मला इंग्रजीत पाव मागताना ओशाळल्यासारखं झालं.

उगाच एक

म्हणजे कोव्ही म्हणजे तटाच्या आत जन्मलेला माणूस, आणि ज्यांना तटाच्या आत येऊ दिलं नाही त्यांचेच ते नातू. माघार घेतो सर, आवळा मान्य.

खळ्यातली पोफळ

मंडळी, तुम्ही तर मला श्रीमंत केलंत. सी फॉर्म त्याच रात्री पाठवला होता, पत्ता एफने. अजून कोणाचा फोन नाही.

सकाळी हे सगळं आजोबांना व्हॉट्सॲपवर पाठवलं, मुलाकडून इंग्रजी करून घेऊन. आमलक, आवळा, मोन, आर्वन. आणि विल्यम जेम्सही पाठवला. जेम्सवर त्यांनी फक्त "अरेरे, आमचाच?" एवढं लिहिलं. रोज संध्याकाळी याच किल्ल्याचे फोटो काढत होते ते, मला कसंतरीच झालं.

आवळ्याचं मात्र खूप आवडलं. त्याला कारण आहे. निघताना मी त्यांना मोरावळ्याची बरणी दिली होती. झाकणाला चिकटपट्टी लावून वर इंग्रजी अक्षरात नाव लिहिलं होतं, 'व'ला अर्थातच व्ही. म्हटलं, विमानतळावर कोणी विचारलं तर वाचता यावं.

आत्ता दुपारी त्यांच्याकडून फोटो आला. खिडकीतली फळी, बाहेर पाऊस, फळीवर माझी बरणी, अर्ध्यावर आलेली. माझी चिकटपट्टी तशीच आहे, पण आजींनी तिच्याखाली दुसरी लावलीय, निळ्या शाईने: एम-ओ-आर-ए-एफ-ए-एल-ए. खाली आजोबांचा निरोप, एफ एकच घातलाय, दोन घातले असते तर मोराफळा झाला असता.

सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, त्यांना सांग, मोराफळाच आहे तो, साखर कमी पडलीय यंदा.